ट्रेमोलो दुरुस्त करावा की लॉकिंग ब्रिज बसवावा?

ट्रेमोलो म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजला (तारा खालच्या टोकाला जिथे अडकवतात त्या भागाला) दांडा जोडून सूर हलवण्याची सोय. हा दांडा दाबून सोडला की तारा मूळ सुरावर परतत नाहीत, ही स्ट्रॅट (फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार) वाजवणाऱ्यांची जुनी तक्रार आहे. तिच्यावर उपाय दोन: १९५४ पासून चालत आलेला सहा स्क्रूंचा ब्रिज दुरुस्त करून त्यात चांगले सुटे भाग घालावेत, किंवा सरळ फ्लॉइड रोज धर्तीचा, तार दोन्ही टोकांना आवळून धरणारा ब्रिज बसवावा. (फेंडरने या यंत्रणेला ट्रेमोलो म्हटले. ट्रेमोलोत हलते ती आवाजाची पातळी; हिने हलतो तो सूर, म्हणजे हा खरे तर व्हायब्रेटो. पण दुकानात व्हायब्रेटो मागून पाहावा.) जळगावच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवताना मी दीड वर्ष दोन्ही प्रकारच्या गिटार आलटून-पालटून वापरल्या, त्यावरून हे लिहितो आहे.

सूर टिकवण्यात लॉकिंग ब्रिज निर्विवाद सरस आहे. तार नटपाशी (मानेच्या वरच्या टोकाला, तारा ज्याच्या खाचांतून जातात त्या तुकड्यापाशी) आणि ब्रिजपाशी आवळलेली असल्याने तिला घसरायला जागाच राहत नाही. तारा लोंबेपर्यंत दांडा दाबला, तरी सोडताच सूर जागेवर येतो. ज्यांना मेटल संगीतच वाजवायचे आहे, त्यांनी पुढे वाचले नाही तरी चालेल.

माझी अडचण निराळी होती. भुसावळला एका हळदीच्या कार्यक्रमात आमच्या गायकाचा घसा बसला आणि ऐन वेळी पट्टी अर्ध्या सुराने उतरवायची ठरली. काळी चारऐवजी पांढरी पाच. कीबोर्डवाल्याने ट्रान्सपोजचे बटण दाबले आणि तो मोकळा झाला. मला मात्र नटवरच्या, तारा आवळणाऱ्या तिन्ही पट्ट्या ॲलन कीने सोडवाव्या लागल्या, आणि हा ब्रिज तारा व गिटारच्या पाठीतल्या स्प्रिंगा यांच्या ताणावर अधांतरी तोललेला असल्यामुळे सहावी तार उतरवली की पहिली चढे, पहिली उतरवली की सहावी पुन्हा चढे. ढोलकवाल्याने तोवर मंडप सांभाळला. मागचे झाकण काढून स्प्रिंगा ज्यात अडकवतात तो पंजाही सैल करावा लागणार हे दिसल्यावर मी तारा पुन्हा चढवल्या आणि उरलेला कार्यक्रम एक घर मागे सरकून, उघड्या तारांवरचे सगळे तुकडे गाळून, कसाबसा ओढला. तार तुटली तरी साधारण हीच गत होते, कारण उरलेल्या पाचही चढतात.

जुना ब्रिज मी पाच स्प्रिंगा लावून लाकडावर टेकवून ठेवला आहे. दांडा आता फक्त खाली जातो, वर ओढता येत नाही. परंतु एक तार उतरवल्याने दुसरी हलत नाही, आणि अर्धा सूर उतरवायला दोन गाण्यांमधली वेळ पुरते. मुळात बिघाड पुष्कळदा ब्रिजमध्ये नसतोच. खुंटी पिळताना नटपाशी ‘टिक्’ असा आवाज आला, तर तार खाचेत अडकते आहे असे समजावे. माझी तिसरी तार अशीच अडकत होती आणि खाचेत पेन्सिलीचे शिसे घासल्यावर निम्मे दुखणे तिथेच संपले. नंतर ग्रॅफाइटचा नट आणि तार आवळून धरणाऱ्या लॉकिंग खुंट्या घातल्या. सहाही स्क्रू करकचून आवळणे ही नेहमीची चूक आहे; टोकाचे दोन ब्रिजच्या पत्र्याला जेमतेम टेकवावेत आणि मधले चार किंचित वर ठेवावेत. भोके सैल झाली असल्यास फर्निचरचे काम करणारा सुतारही सागाची काडी फेविकॉलमध्ये बुडवून ती बुजवून देतो. ब्रिजखालचा, स्प्रिंगा अडकवायचा ठोकळा पोलादी घ्यायचा असेल, तर आधी टोकाच्या दोन स्क्रूंमधले अंतर मोजावे, कारण ते कुठे साडेबावन्न, तर कुठे छप्पन मिलिमीटरच्या आसपास असते.

शिवाय लॉकिंग ब्रिजसाठी एकदा खोदलेले लाकूड परत येत नाही. दांड्याची जबर कसरत केली तर माझी स्ट्रॅट आजही केसभर उतरते, हे मान्य करायला हवे. दुसरी गिटार धुळ्याच्या माझ्या भाच्याने नेली. तो घरीच रेकॉर्डिंग करतो, पट्टी त्याची तोच ठरवतो, आणि तिच्याबद्दल त्याची अद्याप एकही तक्रार आलेली नाही.