कमेंटवर मतं: दोन बाण, नुसतं लाइक की काहीच नको?

ऑनलाइन कम्युनिटी चालवायला घेतली की हा प्रश्न लवकरच समोर येतो. रेडिट या चर्चेच्या साइटसारखे वर-खाली दोन बाण द्यायचे, डिस्कोर्स या फोरम चालवायच्या सॉफ्टवेअरसारखं फक्त लाइक ठेवायचं, की मतांची भानगडच नको, कमेंट जशा येतील तशा दाखवायच्या? बटण बसवणं सोपं असतं. लोकांना गुणांची चटक लागल्यावर ते काढून घेणं महाकठीण. म्हणून आधी एवढं ध्यानात घ्या की मतं दोन कामं करतात: कमेंटचा क्रम लावतात आणि लिहिणाऱ्याला वळण लावू पाहतात. पहिलं काम बरं जमतं. दुसरं जवळपास जमतच नाही.

क्रमाच्या बाबतीत दोन बाण सरस. एका थ्रेडवर, म्हणजे एकाच चर्चेत, पाचशे कमेंट पडल्या तर सगळ्या कोण वाचणार? मात्र हिशेब नीट हवा. समजा, एका कमेंटला 40 मतं वर आणि 20 खाली. दुसरीला 10 वर आणि खाली एकही नाही. नुसती वजाबाकी केली तर पहिलीचे 20 गुण, दुसरीचे 10. रेडिटने 2009 मध्ये आणलेला ‘बेस्ट’ क्रम वेगळा विचार करतो: एवढ्याच मतांच्या जोरावर, अगदी हात राखून बोलायचं तर किती टक्के वाचकांना ही कमेंट पटेल? 95 टक्के खात्री धरून हे गणित मांडलं तर पहिलीच्या वाट्याला 54 टक्के येतात, दुसरीच्या 72. दुसरी वर जाते. उशिरा आलेल्या चांगल्या कमेंटला अशी थोडी तरी संधी मिळते. नुसत्या लाइकमध्ये हे होणार नाही, कारण न आवडलेले किती हे कळायला मार्गच नसतो. तिथे जो आधी बोलला त्याची चलती.

अर्थात दोन बाणांचा आकडाही जसाच्या तसा खरा मानू नये. लेव्ह मुचनिक, सिनान अरल आणि शॉन टेलर या संशोधकांचा 2013 चा प्रयोग ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आला होता. 1,01,281 कमेंटपैकी काहींना आल्या आल्या एक बनावट अपव्होट (वरच्या बाणाचं मत) चिकटवला. त्यापुढच्या वाचकाने अपव्होट देण्याची शक्यता 32 टक्क्यांनी वाढली आणि अखेरचे गुण सरासरी 25 टक्के जास्त भरले. बनावट डाउनव्होट (खालच्या बाणाचं मत) मात्र लोकांनीच भरून काढला. म्हणजे फुगवटा टिकतो, खड्डा बुजतो. यावर साधा उपाय म्हणजे आकडा झाकणे. हॅकर न्यूज या तंत्रज्ञानाच्या चर्चेच्या साइटने 2011 मध्ये इतरांच्या कमेंटचे गुण दाखवणं बंद केलं.

आता वळण लावण्याबद्दल. डाउनव्होट पडला की माणूस सुधारतो, ही समजूत गोड आहे. संशोधक जस्टिन चेंग आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये चार साइटवरच्या कमेंट तपासल्या. ज्यांना खाली ओढलं गेलं ते नंतर जास्त लिहू लागले, आणखी वाईट लिहू लागले आणि इतरांनाही खाली ओढू लागले. ज्यांची वाहवा झाली त्यांचंही लेखन फारसं सुधारलं नाही. आणि सोडून जाण्याची शक्यता सर्वांत जास्त कुणाची? ज्यांना बरं-वाईट काहीच मिळालं नाही त्यांची. लाइकच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा मला हाच वाटतो. नवख्याला ‘कुणीतरी वाचलं’ एवढी पोच लागते, आणि ती लाइक देतं.

मधला रस्ता म्हणजे मत महाग करणं. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर 125 गुण जमल्याशिवाय डाउनव्होट देता येत नाही, आणि उत्तराला दिला तर स्वतःचा एक गुण जातो. हात आपोआप आखडतो. प्रश्नोत्तरांच्या जागी डाउनव्होट हवाच. चुकीचं उत्तर गोड बोलून वर राहिलं तर नुकसान वाचणाऱ्याचं. स्लॅशडॉट या तंत्रज्ञान-बातम्यांच्या साइटची तऱ्हा निराळी: निवडक सदस्यांना मोजकेच गुण वाटायला मिळतात, उणे 1 ते 5 एवढ्याच पट्टीत, आणि ‘माहितीपूर्ण’ की ‘विनोदी’ हेही सांगावं लागतं. छान पद्धत, पण ती सांभाळायला माणसं भरपूर लागतात.

शे-दोनशे माणसांचा ग्रुप असेल तर माझं मत स्पष्ट आहे: डाउनव्होट नको. तिथे कुणी दिला याचा अंदाज लगेच बांधला जातो आणि चर्चा विषयावरून माणसांवर घसरते. लाइक ठेवा, कमेंट आलेल्या क्रमाने दाखवा, शिवीगाळीसाठी तक्रारीचं बटण द्या. हजारोंची वर्दळ असेल तर दोन बाण, वजाबाकीऐवजी वरचं गणित आणि पहिले काही तास झाकलेला आकडा. गट वादविवादाचाच असेल, तर लेसराँग या चर्चेच्या साइटने 2022 मध्ये आणलेली सोय पाहा: कमेंट चांगली आहे का याचं मत वेगळं, मी सहमत आहे का याचं वेगळं. मग ‘पटत नाही, पण मुद्दा चोख मांडलाय’ हेही मतातून सांगता येतं, आणि क्रम पहिल्याच आकड्यावर लागतो.