पाच फुटी मरीन टँकचे चौदा महिने: वजन, पाणी, वीज

पुण्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पाच बाय दोन बाय दोन फुटांचा खाऱ्या पाण्याचा टँक ठेवून चौदा महिने झाले. गेल्या वर्षी पाडव्याच्या आदल्या आठवड्यात पाणी भरलं, आता दुसरा उन्हाळा संपत आलाय. मासे कुठले घ्यावेत, लाइट कुठला लावावा हे सांगणारे खूप भेटतात. त्यासाठी घरात काय काय करून घ्यावं लागतं, हे मला कुणी धड सांगितलं नव्हतं. म्हणून लिहितोय, आकड्यांसकट.

आधी वजन, कारण आमच्या घरी पहिला वाद त्यावरूनच झाला. टँकमध्ये साधारण 500 लिटर पाणी, खालच्या संपमध्ये, म्हणजे स्टँडमधल्या फिल्टरच्या टाकीत, 130, बारा एमएम काचेचे शंभर किलो, शिवाय दगड, वाळू आणि स्टँड. बेरीज 900 किलोच्या आसपास जाते. राहत्या खोल्यांच्या स्लॅबला भारतीय मानकानुसार चौरस मीटरला साधारण 200 किलो लाइव्ह लोड (माणसं आणि सामान यांचं वजन) धरतात, आणि हा टँक जेमतेम 0.9 चौरस मीटर जागेवर उभा राहतो. बायको म्हणाली, इंजिनिअरला दाखवल्याशिवाय घरात काच येणार नाही. तिचंच खरं होतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरनी बिल्डिंगची ड्रॉइंग्ज मागवून घेतली आणि मला हवी असलेली हॉलच्या मधली जागा सरळ नाकारली. बीमवर उभ्या असलेल्या भिंतीला लागून, बीमच्याच दिशेने लांबी, अशी जागा त्यांनी खडूने आखून दिली. त्यांचं पत्र सोसायटीत जमा केलं. सोफा हलवावा लागला, टीव्ही दुसऱ्या भिंतीवर गेला, पण त्या पत्रासाठी दिलेले पैसे मला आजही सगळ्यात सत्कारणी लागलेले वाटतात.

आता पाणी. नळाचं पाणी चालत नाही आणि स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचंही चालत नाही, कारण त्यात चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम ठेवलेले असतात. आरओच्या पुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांचा, डबा जोडून टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) शून्यावर आणावा लागतो. आमच्या नळाचं पाणी मीटरवर शंभरच्या आत दाखवतं, तेव्हा रेझिन पाच-सहा महिने सहज जातं. पण मे महिन्यात सोसायटीत टँकर सुरू झाले आणि त्याच नळाला 700 च्या वर रीडिंग आलं. रेझिन तीन आठवड्यांत संपलं. तेव्हापासून टँकरच्या दिवशी मी आरओ लावतच नाही. ड्राय बाल्कनीत 200 लिटरचा फूड-ग्रेड निळा ड्रम आहे, तो चांगल्या पाण्याच्या दिवशी भरून ठेवतो. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला प्रेशर कमी असतं, त्यामुळे बूस्टर पंपाशिवाय आरओची मेम्ब्रेन (पाणी गाळणारा पडदा) नीट चालत नाही, हेही पहिल्याच आठवड्यात कळलं.

आरओमध्ये एका लिटरमागे सुमारे तीन लिटर पाणी बाहेर पडतं. टँकमधून रोज सहा लिटर वाफ होऊन जातं आणि दर पंधरा दिवसांनी 60 लिटर खारं पाणी बदलतो, म्हणजे सरासरी रोज 30 लिटर रिजेक्ट. ते गटारात सोडणं मनाला पटत नव्हतं. वेगळा पिंप ठेवलाय. लादी पुसणं, बाथरूम धुणं आणि संडासात टाकणं यात ते रोजच्या रोज संपतं. कुंड्यांना मात्र देत नाही.

मीठ ढवळायचा रविवार मला मनापासून आवडतो. लिटरला 38 ग्रॅमच्या हिशेबाने मीठ टाकायचं, ड्रममध्ये छोटा पंप सोडायचा आणि रात्रभर फिरू द्यायचं. सकाळी दुधाळपणा जाऊन पाणी तळापर्यंत स्वच्छ दिसतं. खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाकून उजेडाकडे धरलं की निळ्या-पांढऱ्याची सीमा 35 वर येते, म्हणजे हजार भागांत 35 भाग क्षार. हे यंत्र साध्या शुद्ध पाण्यावर शून्य करून भागत नाही. 35 च्याच कॅलिब्रेशन द्रावणावर तपासायला हवं. पहिले दोन महिने मी तसं केलं नाही आणि टँक 33 वर चालला होता.

विजेसाठी डीबीपासून (घरातल्या एमसीबींच्या मुख्य बोर्डापासून) 16 अँपची वेगळी लाइन ओढली. इलेक्ट्रिशियन म्हणत होता, एक्स्टेंशन बोर्डावर भागेल. ऐकलं नाही ते बरं झालं. 30 मिलीअँपचे दोन आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारे स्विच) घेतले आणि उपकरणं दोन्हींत वाटली: संपमधलं पाणी वर टँकमध्ये चढवणारा रिटर्न पंप आणि पाणी खेळतं ठेवणारा एक वेव्हमेकर एकावर, बाकी हीटर, फेसातून घाण काढणारा स्किमर, पाणी थंड करणारा चिलर, लाइट दुसऱ्यावर. जानेवारीत हीटरची काच तडकली तेव्हा एकच आरसीसीबी पडला आणि पाण्याचं फिरणं चालू राहिलं. सगळं एकावर असतं तर रात्रभर ऑक्सिजनशिवाय मासे राहिले असते. प्लग टँकच्या बाजूला, खाली नाही, आणि प्रत्येक वायरीला आधी खाली झोळ देऊन मग प्लगकडे वर नेलेली, म्हणजे ओघळलेला थेंब झोळावरून जमिनीवर पडतो. पहिली बाजू इन्व्हर्टरवर आहे. शंभर वॉटच्या आतला हा लोड 150 एएचच्या बॅटरीवर एकदा सलग नऊ तास चालला, ट्रान्सफॉर्मर जळाला होता त्या दिवशी.

उन्हाळ्यासाठी आधी पंखे लावून पाहिले. पुण्याच्या कोरड्या हवेत वाफेमुळे पाणी तीन अंशांनी उतरतं, एप्रिलच्या मध्यापर्यंत तेवढं पुरतं. ठाण्याला माझा मावसभाऊ आहे, त्याच्याकडे दमट हवेत पंख्याने जेमतेम एक अंश उतरतो. मेमध्ये मात्र चिलरला पर्याय नाही. अर्ध्या एचपीचा चिलर ड्राय बाल्कनीत ठेवला आणि भिंतीत तीन इंची कोअर, म्हणजे मशीनने गोल भोक, मारून पाइप आत आणले. दुकानदाराने स्टँडच्या कपाटात बसेल म्हणून सांगितलं होतं. तिथे ठेवला असता तर त्याने टाकलेली उष्णता पुन्हा पाण्यातच गेली असती. आता पाणी 26 वर राहतं. बिलात एरवी महिन्याला शंभरेक युनिट जास्त येतात, मेमध्ये 230.

आता ऑगस्टची रात्र. अडीचच्या सुमाराला जाग आली ती शांततेने. पंपाच्या आवाजाची कानाला इतकी सवय झालेली असते की तो थांबला की झोप मोडते. इन्व्हर्टर ट्रिप झाला होता. मी उठून हॉलमध्ये आलो आणि पाय ओल्या लादीवर पडला. बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर संप काठोकाठ भरून स्टँडच्या दारातून पाणी शांतपणे बाहेर येत होतं.

झालं होतं ते असं. पंप बंद पडला की रिटर्नच्या पाइपमधून टँकचं पाणी उलटं खाली येतं, पाइपचं तोंड उघडं पडेपर्यंत. ते थांबवायला पाण्याच्या पातळीखाली एक सेंटिमीटरवर पाइपला छोटं भोक पाडतात. भोकातून हवा शिरली की ओढ तुटते. माझ्या टँकमध्ये एक सेंटिमीटर म्हणजे 9 लिटर. भोक चालतं तर ओव्हरफ्लो बॉक्सचं (टँकमधलं वरचं पाणी संपकडे उतरवणाऱ्या कप्प्याचं) पाणी धरूनही 15-20 लिटर खाली आले असते आणि संपमधल्या 40 लिटर रिकाम्या जागेत मावले असते. पण पाच महिन्यांत त्या भोकावर शेवाळ आणि चुन्याचा थर बसून ते बुजलं होतं. पाइपचं तोंड सात सेंटिमीटर खोल, म्हणजे 63 लिटर आले. बादलीभर पाणी जमिनीवर गेलं आणि सकाळी खालच्या काकूंच्या छताला हाताएवढा डाग उमटला. काकू वर आल्या, मी माफी मागितली, रंगकाम करून दिलं. त्या रागावल्या नाहीत. टँकसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "मासे बरे आहेत ना?"

त्यानंतर पाइपचं तोंड वर घेतलं, एकाऐवजी दोन भोकं पाडली आणि टूथब्रशने ती दर महिन्याला घासतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा असं अनेकजण सुचवतात. मी त्याच्या भरवशावर राहणार नाही, कारण त्यात एक कण अडकला की तोही उघडाच राहतो.

न जमलेलं एक काम स्टँडचं. सुताराने प्लाय चांगला वापरला, पण बिजागऱ्या साध्या लावल्या. मीठ हवेतून सगळीकडे पोचतं. चौथ्या महिन्यात दार कुरकुरायला लागलं, सहाव्यात एक बिजागरी हातात आली. आता 316 ग्रेड स्टीलच्या आहेत. पावसाळ्यात टँकमागच्या भिंतीला बुरशी धरली, म्हणून टँक दहा सेंटिमीटर पुढे घ्यायला हवा होता असं वाटतं. भरलेला टँक हलत नाही. खिडकीत एक्झॉस्ट फॅन बसवला, त्याने बरंच सुधारलं.

मासे मोजके आहेत: टाकीत पैदास केलेली क्लाउनफिशची जोडी, एक फॉक्सफेस आणि तीन डॅमसेल. दगड सिरॅमिकचे. दगडी प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात येतात, त्यामुळे ते कुणी "मिळवून देतो" म्हणालं तरी घ्यायचे नाहीत हे घरात पहिल्या दिवशी ठरलं. मासे सोडायच्या आधी टँक सहा आठवडे नुसता चालवला, माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत. मुलगी रोज विचारायची, मासे कधी? फार कठीण गेले ते आठवडे.

प्लंबिंग, वीज, कोअर, आरओ आणि चिलर मिळून काचेच्या टँकच्या दुप्पट खर्च झाला. मला तो जास्त वाटत नाही.

संपच्या काचेवर मी मार्करने एक लाल रेघ मारून ठेवलीय. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांसमोर पंप बंद करतो आणि पाणी कुठे थांबतं ते पाहतो. काल मुलीने बोटं लावून मोजलं. रेघेच्या दोन बोटं खाली थांबलं.