जांबोटीजवळचा होमस्टे, आम्हाला तरी लई आवडला

मामा-मामी रिटायर झाल्यापासून शिडाच्या बोटीवरच राहतात, तिथं टाकीतलं गोडं पाणी तांब्या तांब्या मोजून वापरायचं, म्हणून यंदा सगळ्या फॅमिलीनं मिळून त्यांना इथं सुट्टीला आणलं. बंबातलं कढत पाणी बघून मामींचा चेहराच खुलला, दोन बादल्या घेऊन निवांत न्हाल्या. मामा मात्र पहिल्या रात्री दोनदा उठले, वारा सुटला की नांगर सरकला का बघायची सवय ना. जेवण एक नंबर, भाकरी तव्यावरनं थेट ताटात. गाद्या जरा ओलसर होत्या तेवढं बघा की ओ. कणकुंबीला मलप्रभेचा उगम जवळच आहे, तिथं पायरीवर मामा बराच वेळ पाण्यात हात घालून बसले होते.