विनोदामागची गोष्ट: दोन नाट्यरूपे

‘स्टेप्टो अँड सन’ या ब्रिटिश विनोदी मालिकेच्या पडद्यामागच्या गोष्टीवर बीबीसी फोरने २००८ मध्ये ‘द कर्स ऑफ स्टेप्टो’ हे नाट्यरूप दाखवले, तर ‘डॅड्स आर्मी’ या अशाच मालिकेवर बीबीसी टूने २०१५ मध्ये ‘वी आर डूम्ड!’. पहिल्यात रंगभूमीवर नाव कमावलेले हॅरी एच. कॉर्बेट भंगारवाल्याच्या मुलाच्या भूमिकेत कसे अडकत गेले, याची घुसमट आहे आणि ती मनाला भिडते. मात्र कॉर्बेट यांच्या कुटुंबीयांनी या नाट्यरूपाच्या अचूकतेबद्दल तक्रार केली होती, हे पाहताना विसरता येत नाही. दुसरे ‘डॅड्स आर्मी’चे लेखक जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांच्याविषयी असून, वरिष्ठांच्या शंकांना तोंड देत १९६८ मध्ये मालिका कशी पडद्यावर आली, ते हलक्याफुलक्या पद्धतीने सांगते. नाट्य पहिल्यात अधिक आहे. तरीही माझा कौल, थोड्या नाइलाजाने, दुसऱ्याला.