बडोद्याच्या रावपुऱ्यातलं थर्माकोलचं अंडी-इन्क्युबेटर: भ्रूण पाहायला चालतं का?

चालतं, पण डिस्प्लेवरच्या आकड्यावर विसंबू नका. सेन्सर हीटरजवळ असतो, अंडी खाली. म्हणून अंड्यांच्या उंचीला वेगळा थर्मामीटर ठेवून 37.5 अंश जुळवा आणि अंडी ठेवण्याआधी यंत्र रात्रभर चालू द्या. पाण्याची ताटली बरी आहे, आर्द्रता 55-60 टक्के राहते.

तापमान अंशभर कमी राहिलं की वाढ मागे पडते: 33 तासांनी 10 सोमाइट (भ्रूणाच्या पाठीच्या मध्यरेषेलगत जोडीने दिसणारे ठोकळे) दिसायला हवेत, तिथे कमी भरतात. म्हणून वहीत तास नव्हे, सोमाइट मोजून हॅम्बर्गर-हॅमिल्टन टप्पा (कोंबडीच्या भ्रूणाच्या वाढीचा ठरलेला क्रमांक) लिहा. 72 तासांनी पंख आणि पायांचे अंकुर स्पष्ट दिसतात. सॉनिक हेजहॉग हा वाढीला दिशा देणारा प्रथिनाचा संकेत अंकुराच्या मागच्या कडेतून निघतो, तो मात्र रंगद्रव्यप्रक्रियेशिवाय दिसणार नाही.

खरी खोट बडोद्याच्या मे महिन्यात. यंत्र फक्त तापवतं, गार करत नाही. खोली 40 अंशांवर गेली की भ्रूण मरतात. एसीच्या खोलीत ठेवा.

अंडी हॅचरीतूनच आणा; किराण्याच्या दुकानातली बहुधा फलित नसतात. आत पाहायला कवचात खिडकी कापण्याआधी सिरिंजने 2-3 मिली पांढरं काढा, नाहीतर भ्रूण कवचाला घासतो.

पाचपैकी तीन.