जुन्या डिझेल गाडीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: कामाचा अभिप्राय

यांत्रिक इंधनपंप असलेल्या माझ्या जुन्या डिझेल गाडीचा मॅन्युअल गिअरबॉक्स काढून, त्याच इंजिनासाठी बनलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवून देणाऱ्या गॅरेजचे काम मला मनापासून आवडले. फ्लायव्हीलच्या जागी फ्लेक्सप्लेट (इंजिनाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सशी जोडणारी पातळ तबकडी), मापाने बदललेला प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची शक्ती मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) आणि तेलासाठी कूलर हे सारे नीट झालेच. खरी कसोटी मात्र गिअर बदलण्याच्या क्षणी लागते. अशा डिझेल इंजिनात थ्रॉटलची झडप नसल्याने इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये) पुरेसा व्हॅक्यूम तयार होत नाही, म्हणून इंजिनावरचा भार गिअरबॉक्सच्या मॉड्युलेटरला (भारानुसार गिअर बदलण्याचा दाब ठरवणाऱ्या भागाला) कळावा यासाठी व्हॅक्यूम पंपापासून नळी घेऊन ती इंधनपंपाच्या लिव्हरला जोडलेल्या नियंत्रण झडपेतून न्यावी लागते. मेकॅनिकने गेज लावून ही झडप इतक्या चिकाटीने जुळवली, की दुसऱ्यावरून तिसरा गिअर पडताना आता धक्का जाणवतच नाही. ओव्हरटेक करताना वेग जरा सावकाश मिळतो आणि डिझेलही थोडे जास्त लागते. क्लचच्या जागी येणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये शक्ती तेलामार्फत जाते आणि थोडी वाया जाते, तेव्हा हे अपेक्षितच होते. उणीव एकच, पण गंभीर: पार्क किंवा न्यूट्रलशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा स्विच त्यांनी मी आठवण करून दिल्यावरच जोडला.