मोमिजीचं चावान, सव्वा वर्षानंतर: चित्र सुरेख, पण वाळवण सांभाळा

ऑक्टोबरात माझ्या चावानच्या, म्हणजे जपानी चहाच्या वाडग्याच्या, पेटीची दोरी सोडली आणि आधी वास आला. पावसाळाभर बंद राहिलेल्या कपाटाला येतो तसा, कुबट. चावान पालथं केलं, तर कोदाईवर, म्हणजे बुडाच्या बिनझिलईच्या कड्यावर, करडी बुरशी.

गेल्या सप्टेंबरात क्योतोत, कियोमिझु देवळाकडे चढणाऱ्या चावानझाकावरच्या एका दुकानातून १२,००० येनला घेतलं होतं. हाताने रंगवलेल्या क्यो-याकीला, म्हणजे क्योतोच्या मातीच्या भांड्यांना, ही किंमत फार नाही, पण माझा तो पंधरा दिवसांचा किराणा आहे.

चित्राबद्दल आजही तक्रार नाही. झिलईची भट्टी झाल्यावर वरून रंग देऊन साधारण ८०० अंशांना पुन्हा भाजतात, म्हणून मोमिजीचं, म्हणजे मेपलचं, लाल पान बोटाला किंचित उंच लागतं. एकच पान काठ ओलांडून आत उतरलंय. चहा अर्धा संपला की ते वर येतं, खाली माचाचा, म्हणजे पुडीच्या चहाचा, हिरवा फेस. त्या पानासाठीच मी हे घेतलं.

पण मोमिजी म्हणजे शरद. आमच्या सेन्सेई, म्हणजे चहाविधीच्या शिक्षिका, ऋतूच्या जरा आधी काढायला सांगतात, पानं गळून गेल्यावर नाही. म्हणजे दोन महिने वापर, दहा महिने पेटी. डिसेंबरात धुतलं, पुसलं, एक रात्र ओट्यावर ठेवून आत टाकलं. चूक तिथेच झाली. झिलईवर कान्न्यूच्या बारीक भेगा असतात, त्यातून माती पाणी पिते. शिवाय डाग मुरू नयेत म्हणून वापरण्याआधी आपणच ते कोमट पाण्यात भिजवतो. हात लावला तर कोरडं, आत ओलं. त्यावर जून-जुलैचा पाऊस आणि नंतरचा दमट उकाडा.

दुकानात नेलं. नम्रपणे सांगितलं, हा वापरातला दोष, बदलून मिळणार नाही. मान्य. पण सोन्याच्या रेघा आहेत म्हणून मायक्रोवेव्ह नको, डिशवॉशर नको, हे चिठ्ठीवर छापता, मग ‘पेटीत ठेवण्याआधी आठवडाभर वाळवा’ एवढी एक ओळ का नाही? याचा राग अजून गेलेला नाही.

दोनच तारे देणार होते. मग सेन्सेईंनी त्यांचं जुनं चावान हातात दिलं. भेगांत चहा उतरून आत तपकिरी जाळी झालेली. याला इथे भांडं ‘वाढवणं’ म्हणतात. घरी येऊन माझं उजेडात धरलं, तर त्या पानाजवळ तशीच जाळी धरू लागलीय. तारे चार केले.

बुरशीसाठी तीन दिवस साध्या पाण्यात ठेवलं, पाणी रोज बदललं, मग आठवडाभर सावलीत. वास गेला, डाग फिका राहिला.

एकच चावान परवडत असेल तर उंकिन नक्षीचं बघा. साकुरा (चेरीची फुलं) आणि मोमिजी दोन्ही असतात, त्यामुळे वसंतातही निघतं, शरदातही. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

यंदा ३ डिसेंबरला धुतलं. आज दहावा दिवस. खिडकीपाशी पालथं आहे, पेटी शेजारी उघडी.